जुन्या ऑर्डरींची यादी चाळता चाळता

सांजवारा | ५ जानेवारी २०२५, रात्री १०:५०

काल मिक्सरचं चटणीचं भांडं गळायला लागलं. वॉरंटी शिल्लक असेल म्हणून बिल शोधायला अ‍ॅमेझॉनवरची जुन्या ऑर्डरींची यादी उघडली. बिल दोन मिनिटांत मिळालं, पण मी तिथेच बसून राहिले. एकेक वर्ष मागे जात २०१३ गाठलं, मग फ्लिपकार्ट उघडून २०११. घड्याळ बघितलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.

पहिली ऑर्डर नोव्हेंबर २०११ ची, मराठी-इंग्रजी शब्दकोश. तेव्हा कर्वेनगरला तिघी मैत्रिणी कॉट बेसिसवर राहत होतो. कार्डाचा नंबर संगणकावर टाकायची हिंमत नव्हती, पण फ्लिपकार्टने आदल्याच वर्षी वस्तू हातात आल्यावर पैसे द्यायची सोय केली होती, म्हणून मागवला. कुरियरवाला आला तेव्हा तिघींनी मिळून सुटे पैसे मोजून दिले होते. पुस्तकासोबत एक खूणपट्टी आली होती, ती अजून त्या शब्दकोशात 'श'च्या पानावर आहे.

मग पत्ते बघितले. एकूण सहा. कर्वेनगर, वारजे, लग्नानंतरचं चिंचवड, मधली दोन वर्षं बंगळूर, आताचं घर, आणि साताऱ्याचं बाबांचं घर. साताऱ्याच्या पत्त्यात खूण म्हणून 'मोठ्या कडुनिंबासमोर' लिहिलंय. तो कडुनिंब रस्ता रुंद करताना गेला, त्यालाही सहा वर्षं झाली. पण पार्सलं अजून त्याच खुणेवर पोचतात, कारण तिथल्या सगळ्यांच्या तोंडी अजून 'लिंबासमोर'च आहे.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते.

आमची आई कालनिर्णयवर सगळं लिहायची. दुधाचे खाडे, कामाच्या मावशींचे खाडे, सिलिंडर कधी लावला, पेपरचं बिल कधी दिलं. वर्ष संपलं की त्याची सुरळी करून माळ्यावर. तिचं खरं कसब ते वाचण्यात होतं. दोन सिलिंडरांमधले दिवस मोजून ती सांगायची, "यंदा बेचाळीस दिवस गेला गॅस, म्हणजे पाहुणे कमी आले." किंवा, "दूध वाढलंय बघ दिवाळीपासून, तुझा भाऊ घरी होता ना." तिच्या हिशेबात आकड्याइतकीच दोन नोंदींमधली जागा बोलायची.

काल रात्री मी नकळत तेच करायला लागले. माझ्या यादीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: बाबांच्या श्रवणयंत्राचे सेल. १३ नंबरचे, नारिंगी स्टिकरवाले, सहा सेलचं गोल पान. साताऱ्यात दुकानात कधी असायचे, कधी नसायचे, म्हणून मीच इथून पाठवायचे. एका कानाला यंत्र, एक सेल दहा-बारा दिवस टिकायचा, म्हणजे एक पान साधारण दोन महिने. २०१६ च्या ऑर्डरी बघा: फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर. २०१७ ला तसंच, घड्याळ लावल्यासारखं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये आई गेली.

२०१९ मध्ये तीन ऑर्डरी. २०२१ मध्ये दोन. २०२३ मध्ये एक. गेल्या वर्षी एकही नाही.

मी विचारायचे, बाबा, सेल पाठवू का? ते म्हणायचे, "आहेत गं अजून, नको." मला वाटायचं त्यांची काटकसर. शिक्षकाचा जन्म काटकसरीत गेलेला. रोज रात्री फोनवर ते 'हो, हो, बरं' म्हणतात, मी ऐकवते, ते हो म्हणतात. आई दिवसभर बोलायची. तिचं ऐकायला ते यंत्र लावत होते, आणि ती गेल्यावर हळूहळू काढून ठेवलं, हे मला सहा वर्षांत कळलं नाही. काल यादीने सांगितलं.

तुमच्या याद्यांमध्ये असं काही आहे का? गमतीचं, आनंदाचं, कसलंही. वाचायला आवडेल.

---

पिंपळपान | ५ जानेवारी, रात्री ११:२०

ताई, शेवटचा भाग वाचून थांबले. उद्या नीट लिहिते, आत्ता फक्त रुमाल टाकून ठेवते.

---

कुंभार्ली | ६ जानेवारी, सकाळी ७:४०

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ चा पूर सगळ्यांना आठवत असेल. पहाटेपासून पाणी चढत गेलं आणि आमच्या तळमजल्यात पंख्याला टेकलं. आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे दोन रात्री काढल्या. खाली उतरलो तेव्हा घरभर गुडघाभर चिखल. लग्नाचा अल्बम, मुलांचे दाखले, फ्रिजची बिलं, सगळ्याचा एकच लगदा. आमच्या गावाचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, तिथल्या पुस्तकांचीही तीच गत झाली. आम्ही तिथले जुने सभासद. स्वतःच्या घरापेक्षा त्या कपाटांकडे बघवत नव्हतं.

विम्याच्या अर्जाला नुकसानीची यादी हवी होती. डोकं इतकं सुन्न होतं की घरात काय काय होतं तेच आठवेना. मुंबईहून भावाने फोनवर सांगितलं, "ऑर्डरी उघड, त्यात सगळं असेल." आणि होतं. मिक्सर, इस्त्री, मिसेसच्या शिलाई मशीनची मोटर, मुलाचा टेबल लॅम्प, प्रत्येकाचं बिल. ती यादी वाचत आम्ही दोघांनी डोळ्यांसमोर घर पुन्हा लावलं. हे कुठे होतं, ते कुठे होतं.

पण मला जास्त लागतं ते पुरानंतरचं. पाण्यानंतरची पहिली ऑर्डर, वीज आणि नेट आल्यावर केलेली: चार कंगवे. घरात एकही कंगवा उरला नव्हता. मग टॉर्च, गमबूट, दोन बादल्या, चादरी. एकेक वस्तू येत गेली तसतसं घर उभं राहिलं, त्याच क्रमाने यादीत आहे. पुढच्या मार्चमध्ये कुंड्या मागवल्यात. तिथे मला कळतं की आम्ही सावरलो होतो.

---

सांजवारा | ६ जानेवारी, सकाळी ९:०५

कुंभार्ली, ते चार कंगवे आता माझ्याही डोळ्यांसमोरून हलणार नाहीत. लिहिलंत हे फार बरं केलंत.

---

टाकदौत | ६ जानेवारी, दुपारी १२:१५

माझं वय ७४. माझी ऑनलाइन यादी छोटी आहे, पण वडिलांची यादी लाकडी ठोकळ्यात उभ्या केलेल्या तारेत खोचलेली असायची. किराणा, औषधं, शाळेची फी, सायकलचा टायर, सगळ्या पावत्या एकावर एक. सगळ्यांत खालची सगळ्यांत जुनी. वडील गेल्यावर मी ती तार उलटी करून वाचली होती. तुम्ही दीड वाजेपर्यंत का बसलात ते मला समजतं.

पुस्तकं आम्ही व्हीपीने मागवायचो. प्रकाशकाला कार्ड टाकायचं, मग पंधरा-वीस दिवसांनी पोस्टमन पार्सल घेऊन दारात. त्याच्या हातात पैसे ठेवल्यावरच पार्सल मिळायचं. तुम्ही मैत्रिणींनी सुटे पैसे मोजलेत तसेच आमची आई डब्यातून काढून मोजायची. म्हणजे वस्तू आल्यावर पैसे द्यायचे हे आपल्याकडे नवीन नव्हतंच.

आणि पत्त्यांवरून सांगतो. त्या सगळ्या याद्या ज्या सहा आकड्यांवर चालतात तो पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते, केंद्राच्या दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. गावांची नावं सारखी, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत, त्यातून पत्रांचा घोळ व्हायचा. त्यावर त्यांनी काढलेला उपाय आज प्रत्येक पार्सलवर छापलेला असतो. आपल्या माणसाचं काम आहे, मुलांना सांगावं असं.

---

नाणेघाट | ६ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

माझं दुःख उलटं आहे, माझी यादीच गेली.

मी शिवराई जमवतो, तांब्याची नाणी. २००६ पासून ईबे इंडियावर घ्यायचो. जुन्या मंडळींना ती साइट बाझी नावाने आठवत असेल, २००४ मध्ये ईबेने ती घेतली. पैसापेने पैसे भरायचे, नाणं हातात पडल्यावर कळवायचं, मग विकणाऱ्याला पैसे मिळायचे. इंदूरचे एक गृहस्थ प्रत्येक नाण्यासोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी पाठवायचे: वजन किती, बिंदूंची कड कुठे झिजली आहे, 'छत्रपति'मधली कुठली अक्षरं वाचता येतात. मी नाणी वाचायला त्या चिठ्ठ्यांवरून शिकलो.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये ती साइट बंद झाली आणि बारा वर्षांच्या खरेदीची नोंद तिच्याबरोबर गेली. कुठलं नाणं कधी, कुणाकडून, किती रुपयांना, काही नाही. संग्रहात नाण्याइतकंच ते कुठून आलं याला मोल असतं. आता जुन्या ईमेल आणि त्या चिठ्ठ्या एवढंच राहिलंय. म्हणून सांगतो, ज्यांना आपल्या याद्या प्रिय आहेत त्यांनी त्या उतरवून ठेवा. दुकान आहे तोवरच ती यादी आहे.

---

सह्यवाट | ६ जानेवारी, रात्री ८:१०

नाणेघाट यांना अनुमोदन. अ‍ॅमेझॉनवर खात्याच्या सेटिंगमध्ये आपली माहिती मागवायची सोय आहे, विनंती केली की काही दिवसांत फाइल मिळते. महत्त्वाची बिलं मात्र एकेक करून पीडीएफमध्ये उतरवून ठेवावीत. १ जुलै २०१७ च्या आधीच्या बिलांवर व्हॅट आणि टिन नंबर दिसेल, नंतरच्यांवर जीएसटी.

माझ्या यादीतली सगळ्यांत आवडती नोंद सप्टेंबर २०१४ ची, रेडमी वन एस, ५,९९९ रुपये. आधी नाव नोंदवायचं, मग मंगळवारी दुपारी दोनला विक्री उघडायची आणि काही सेकंदांत फोन संपायचे. आम्ही ऑफिसात पाच जण पाच संगणकांवर बसायचो, सगळे एकासाठीच, आमच्या ऑफिसातल्या शिपाईकाकांसाठी. त्यांच्या मुलीला अकरावीला फोन हवा होता. तिसऱ्या मंगळवारी लागला. ती मुलगी आता नर्स आहे, काकांचा दिवाळीला फोन येतो.

---

सहा_बाय_आठ | ७ जानेवारी, रात्री १२:२५

मी एमपीएससीवाला. यादी २०१७ ला सुरू होते, पत्ता सदाशिव पेठ, ४११०३०. खोली सहा बाय आठ, दोन कॉट. पहिल्या वर्षी: राज्यव्यवस्थेचं पुस्तक, हायलायटरचा संच, कानात घालायचे बोळे (रूममेट घोरायचा), गजराचं घड्याळ. दुसऱ्या वर्षी तीच पुस्तकं नवीन आवृत्तीत. तिसऱ्या वर्षी पुन्हा. पुस्तकाच्या आवृत्त्या मोजल्या की किती प्रयत्न झाले ते कळतं.

२०२० ची पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला होती. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, अभ्यासिका बंद, मेस बंद, सगळे मिळेल त्या गाडीने गावी. यादीत तिथून पत्ता बदलतो, लातूर जिल्हा. परीक्षा ढकलत गेली. ११ मार्च २०२१ ला पुन्हा पुढे गेली तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली होती, मीही होतो. मग २१ मार्चला झाली.

त्या वर्षभरात मी स्वतःसाठी काहीच मागवलेलं नाही. एकच ऑर्डर आहे, बॅटरीवर चालणारा फवारणी पंप, वडिलांसाठी. वडील पाठीवर हातपंप घेऊन फवारायचे, खांद्याला वळ उठायचे. चार वर्षं त्यांच्या पैशांवर पुस्तकं घेतली, आणि शेतात उभा राहिल्यावर पहिल्यांदा ते वळ दिसले. क्लासच्या पोरांना नोट्स टाइप करून दिल्या होत्या, त्या पैशांतून घेतला. पुढे मी परीक्षा सोडली, आता गावातच कृषी सेवा केंद्र आहे. पंप अजून चालतो. मी त्याची बॅटरी दोनदा बदलली.

---

पिंपळपान | ७ जानेवारी, सकाळी ११:००

माझं साधं आहे. लेक झाली तेव्हापासूनचे डायपरचे पुडे: एनबी, एस, एम, एल. एनबीचा दुसरा पुडा मागवला आणि तो अर्धाच वापरला गेला, इतकी पटकन वाढली. राहिलेले शेजारच्या बाळाला दिले. एल नंतर एकदम थांबतं. त्यानंतर चप्पल, नंबर ७. मग पाटी.

---

अटकेपार | ७ जानेवारी, रात्री ९:४५ (न्यू जर्सी)

माझ्याकडे एप्रिल-मे २०२१ आहे.

मी इथून भारतातल्या साइटवर ऑर्डर करते. त्या दीड महिन्यात आठ ऑक्सिमीटर, पाच पत्त्यांवर. नाशिकला आई-बाबा, मामा, दोन मावश्या, एक शाळेतली मैत्रीण. कुठे स्टॉक नव्हता, कुठे पिनकोडला पोचत नव्हतं, मी रात्रभर साइट पुन्हा पुन्हा उघडून बघत बसायचे. पोचलं की व्हिडिओवर आकडा बघायचा. आई बोट वर करून दाखवायची. ९४ दिसलं की माझे हात गार पडायचे, ९७ दिसलं की झोप लागायची.

त्या पाचांपैकी दोन पत्त्यांवर आता कुणी राहत नाही. माझ्या खात्यातून ते पत्ते मी काढलेले नाहीत. दिवाळीचा फराळ पाठवताना पत्ता निवडायची यादी उघडते, त्यात मामांचं नाव दिसतं, त्यांच्या गल्लीचं, 'दत्तमंदिराच्या मागे'. दिसू दे.

---

सांजवारा | ७ जानेवारी, रात्री ११:३०

अटकेपार, नका काढू. मामांचं नाव असू दे तिथे.

सहा_बाय_आठ, तुमचा पंप मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो शेतकऱ्याच्या घरातला, काही बोलला नाही, उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मी रविवारी साताऱ्याला जाते आहे.

---

पडसाद | ८ जानेवारी, सकाळी ८:२०

सांजवारा, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणून जाण्याआधी थोडं सांगते. तुमच्या आई गेल्या हे कारण खरं असेलच. पण माझ्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांपैकी कितीतरी जण यंत्र काढून ठेवतात ते त्रासामुळे, आणि घरच्यांना सांगत नाहीत. तुम्ही तीन गोष्टी बघा.

पहिलं, कानातला साचा, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा भाग. वय वाढतं, वजन उतरतं, कानाचा आकार थोडा बदलतो, मग साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. त्या शिट्टीची लाज वाटते. दुसरं, यंत्र २०१५-१६ चं असेल तर तेव्हाच्या तपासणीवर ते बसवलेलं आहे. ऐकू येणं दर वर्षी थोडं थोडं बदलतं, तपासणी दर वर्षी व्हायला हवी. नऊ वर्षांपूर्वीचा चष्मा आज चालेल का? तिसरं, कानातला मळ. साच्याचं भोक बुजलेलं असतं आणि आपण म्हणतो यंत्र बिघडलं.

सेलचंही सांगते, ते हवेवर चालतात. स्टिकर काढला की पाठीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते, म्हणून काढल्यावर दोनेक मिनिटं तसाच ठेवावा, मग बसवावा. पुन्हा स्टिकर लावून सेल वाचत नाही. रात्री सेलचं दार उघडं ठेवावं. पावसाळ्यात यंत्र कोरड्या डबीत, शोषक पुडीसोबत.

आणि एक विनंती. "का लावत नाही?" असं विचारू नका. "दाखवा बरं, कुठे टोचतं?" असं विचारा.

---

सांजवारा | १२ जानेवारी, रात्री १०:१५

साताऱ्याहून आत्ताच परत आले.

यंत्र देवघराच्या खणात होतं, आईच्या हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी, रुमालात गुंडाळलेलं. पानात चार सेल शिल्लक, २०२३ चे. पडसाद, तुम्ही सांगितलं तसंच विचारलं, "बाबा, कुठे टोचतं?" ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टोचत नाही गं. ओरडतं. देवळात कीर्तनाला बसलो की ओरडतं, लोक मागे वळून बघतात."

पाच वर्षं ते कीर्तनाला गेलेले नाहीत. मला वाटत होतं आई नाही म्हणून जात नाहीत. दोघं मिळून जायचे.

आणि मी आईचं म्हणाले तेव्हा ते म्हणाले, "ती मोठ्याने बोलायची. तिचं यंत्राशिवायही ऐकू यायचं मला." म्हणजे मी काढलेला अर्थ अर्धाच बरोबर होता. नोंदींमधली जागा दिसली, पण तिथे काय घडलं ते त्यांनाच विचारावं लागलं.

उद्या भाऊ त्यांना तपासणीला नेतोय.

---

टाकदौत | १३ जानेवारी, सकाळी ७:१०

वाचलं. मीही गेली दोन वर्षं यंत्र खणात ठेवलं आहे. सुनेला सांगतो आज.

---

सांजवारा | २६ जानेवारी, संध्याकाळी ७:४०

टाकदौत काका, सांगितलंत ना? नक्की कळवा.

इकडचं: तपासणीत डाव्या कानाचं ऐकणं बरंच उतरलेलं निघालं. यंत्र नव्याने जुळवून दिलं, साच्याचं माप घेतलं, नवा साचा मंगळवारी आला. शिट्टी बंद. काल रात्री फोनवर मी नेहमीसारखं मोठ्याने बोलायला लागले तर म्हणाले, "हळू बोल, काय गावाला ऐकवतेस!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला उलट प्रश्न विचारले. मिक्सरच्या भांड्याचं काय झालं, तेसुद्धा. (बदलून मिळालं.)

मंगळवारीच एक पान मागवलं, १३ नंबर, नारिंगी, तोच 'मोठ्या कडुनिंबासमोर'चा पत्ता. यादीत सगळ्यांत वर दिसतंय आता. दोन महिने धरले तर पुढचं मार्चअखेर लागेल. कालनिर्णयवर २१ मार्चच्या चौकोनात 'बाबा - सेल' लिहून ठेवलंय, आईसारखं, पेन्सिलीने.